आझाद, आराधना आणि पाच दहाची डेक्कन क्वीन

साठीच्या आसपासच्या पुरुषांची जुनी मैत्री पुन्हा सुरू होते ती विचारपूस करून नव्हे, वाद उकरून. वर्षानुवर्षं ज्याचा आवाज कानावर पडलेला नाही असा माणूस एके दिवशी सकाळी सव्वासहाला व्हॉट्सॲपवर एक जुनं गाणं पाठवतो आणि खाली लिहितो, "गायक कोण? गुगल न करता सांग." नमस्कार नाही, कसा आहेस नाही, नंबर कुठून मिळाला याचा खुलासा नाही. पलीकडचा दात घासता घासता उत्तर टाकतो, "तलत." तिकडून हसून लोळणाऱ्या बाहुल्यांची रांग येते. "कॉलेजात असतानाही हेच म्हणाला होतास. काही सुधारला नाहीस."

झालं. मैत्री चालू.

चूक तशी खानदानी आहे. 'आझाद' (१९५५) मधलं लताबाईंबरोबरचं ते द्वंद्वगीत तलत महमूदचं आहे, असं समजून कित्येक जण आयुष्य काढतात. प्रत्यक्षात गायले आहेत स्वतः संगीतकार सी. रामचंद्र. गाताना ते 'चितळकर' असं आपलं आडनाव लावत, म्हणजे एकच माणूस तबकडीवर दोन नावांनी. तलतच्या आवाजातली थरथर त्यांनी अशी उचलली आहे की, तलतने स्वतः ऐकलं असतं तर त्यालाही क्षणभर मानधनाचं विचारावंसं वाटलं असतं.

आता या दोघांची ओळख. एकाला डोंबिवलीकर म्हणू, दुसऱ्याला कोथरूडकर. मुळात दोघंही गिरगावकर, एकाच चाळीतले, एकाच मजल्यावरचे. लग्नानंतर एकाला जागा परवडली ती डोंबिवलीत. दुसऱ्याची बँकेने पुण्याला बदली केली. दोन वर्षांसाठी म्हणून गेलेला हा गृहस्थ तिथे इतका मुरला की आता मुंबईत उभा राहून "आमच्याकडे असं नसतं" म्हणतो. भेटी अगदीच तुटल्या होत्या असं नाही. लग्नात दिसायचे, दहाव्याला दिसायचे. पण लग्नात डीजेपुढे आणि आहेराच्या रांगेत बोलणं होत नाही, आणि दहाव्याला राहुलदेव बर्मनवर वाद घालता येत नाही. (घालता येतो, पण हळू आवाजात, आणि हळू आवाजात वाद घालायचा तर मग भेटायचंच कशाला?)

तेव्हा ठरलं की भेटायचं. कोथरूडकराला फोर्टात पेन्शनच्या कागदांचं काम होतंच. तो सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने निघणार, साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला उतरणार आणि संध्याकाळी पाच दहाच्या डेक्कन क्वीनने परत जाणार. मुक्काम करायचा तर मेहुण्याकडे मुलुंडला करावा लागला असता, आणि मेहुण्याकडे तोंडाला वास घेऊन जाण्यापेक्षा दुपारी बारमध्ये बसणं त्याला जास्त सभ्य वाटलं. १९३० पासून धावणाऱ्या या गाडीने पुण्याच्या चाकरमान्यांचं घड्याळ लावलं, तसं त्यांच्या स्वैराचाराचंही लावलं आहे. जे काही करायचं ते पाच दहाच्या आत.

बार कुठला, यावर तीन दिवस फोन झाले. ठाकुरद्वारला ज्या बारमध्ये दोघांनी पहिली बाटली फोडली, तिथे आता पॅथॉलॉजी लॅब आहे. यकृताशी असलेलं त्या जागेचं नातं सुटलेलं नाही, एवढंच समाधान. दुसरा बार पाडून त्यावर टॉवर उभा राहिला. तिसरा चालू आहे, पण त्याचा 'लाउंज' झाला आहे आणि तिथे चकणा मागितला तर पोऱ्या इंग्रजीत विचार करतो. कुलाब्याच्या लिओपोल्डचं नाव निघालं. १८७१ सालचं दुकान, पण गर्दी पर्यटकांची. मोंडेगारही निघालं. तिथल्या भिंतींवर मारिओ मिरांडाची चित्रं आहेत, कोपऱ्यात ज्यूकबॉक्स आहे. "त्यात चितळकर आहेत का?" कोथरूडकराने विचारलं. नसणार. नापास. शेवटी दोघांचं एकमत झालं ते धोबी तलावावर. सीएसएमटीपासून चालत दहा मिनिटं, म्हणजे गाडी चुकायची भीती नाही; आणि कॉलेजच्या काळात लेक्चर चुकवून जायची हक्काची जागा तीच.

बार उघडायला अवकाश होता म्हणून दोघं काळा घोड्याला जाऊन आले. तिथे ऱ्हिदम हाउस होतं. चाळीसच्या दशकात सुरू झालेलं दुकान २०१६ मध्ये बंद पडलं. पुढे ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली, आणि मग काय व्हायचं ते झालं: ईडीची जप्ती. एके काळी या दुकानात तबकडी विकत घेण्याआधी ऐकून बघायची सोय होती. या दोघांनी त्या सोयीचा उपयोग एका कलमापुरता केला, तो म्हणजे ऐकून बघणे. विकत घेणे हे दुसरं कलम गिरगावातल्या खिशाला झेपणारं नव्हतं. "आपल्यासारख्यांनीच बुडवलं दुकान," कोथरूडकर म्हणाला. डोंबिवलीकराला हे पटलं नाही. आपल्या हातून एवढं मोठं काही घडलं असेल यावर त्याचा विश्वास नाही.

बाराच्या ठोक्याला दोघं बारमध्ये. बाहेर पाटी 'रेस्टॉरंट अँड परमिट रूम'. आत गल्ल्यावर उडुपीकडचे अण्णा, डोक्यावर हार घातलेल्या देवांच्या तसबिरी आणि त्यांच्या शेजारी आडव्या फळीवर उतरत्या किमतीने मांडलेल्या बाटल्या. जिना चढून गेलं की 'एसी फॅमिली सेक्शन'. तिथे फॅमिली आजवर कुणी पाहिलेली नाही, पण तोच बांगडा आठ पायऱ्या चढला की महाग होतो, हे सर्वांनी पाहिलं आहे. दोघं खालीच बसले. दुपारच्या बाराला परमिट रूममध्ये एक निराळीच वस्ती असते: कोर्टातून तारीख घेऊन आलेले अशील, नाइट शिफ्ट संपवून आलेले प्रेसवाले, आणि एकेकटे बसलेले निवृत्त गृहस्थ. कुणी कुणाकडे बघत नाही. टीव्हीवर आवाज बंद करून कुठलीतरी जुनी मॅच लावलेली असते. तिचा निकाल सर्वांना ठाऊक असतो आणि तरीही विकेट पडली की मान हलते.

वेटर आला. फडकं खांद्यावर, पेन कानावर. डोंबिवलीकराने न विचारता "नाइन्टी, ओल्ड मंक, पाणी-सोडा अर्धं अर्धं" सांगून टाकलं. ही रम १९५४ सालची. दोघांपेक्षा दहा वर्षांनी मोठी आणि दोघांपेक्षा चांगल्या प्रकृतीत. कोथरूडकर मात्र मेन्यूकार्ड वाचत बसला. चष्मा बदलून वाचलं. मग म्हणाला, "थर्टी." वेटरने पेन कानावरून काढलं, लिहिलं नाही, परत कानावर ठेवलं. "साहेब, थर्टी की सिक्स्टी?" "थर्टीच. डॉक्टरांनी सांगितलंय." वेटर गेला तो डोंबिवलीकराकडे सहानुभूतीने बघत गेला. आजारी माणसाला हवापालट म्हणून कुणी आणलं असावं, अशी ती नजर होती.

चकण्याच्या तीन बशा आल्या. एकीत उकडलेले शेंगदाणे, वर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर. दुसरीत मीठ लावलेल्या काकडीच्या चकत्या. तिसरीत पिवळं फरसाण. शेंगदाण्यांची बशी आपोआप मधोमध गेली, काकडी कोथरूडकराकडे सरकली, फरसाण डोंबिवलीकराकडे. यावर एक शब्द झाला नाही. चाळीस वर्षांपूर्वीही मांडणी हीच होती. फक्त तेव्हा काकडी आवडीने होती, आता साखरेमुळे.

मुंबईत दारू प्यायला कायद्याने आजही परवाना लागतो, हे मुंबईत दारू पिणाऱ्या बहुतेकांच्या गावी नसतं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा कधी रद्द झालाच नाही. त्याच्या नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला आणि बंदीच्याच पोटात परवाने, सवलती, शुल्क असा संसार थाटला गेला. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९५० मध्ये बंदी राज्यभर लागू झाली, तेव्हा एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. त्यांना कशाकशाचा हक्क हवा होता? व्हिस्की, ब्रँडी, रम, जिन, वाइन, बिअर, औषधी वाइन, ओ द कोलोन, लव्हेंडर वॉटर. मागायचंच तर माणसाने असं सविस्तर मागावं. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कायदा बहुतांशी राखला, पण औषधांवरची आणि सुगंधी द्रव्यांवरची बंदी उठवली. थोडक्यात, मुंबईकराला प्यायला मिळाली नाही, अंगाला लावायला मिळाली.

हा खटला कोथरूडकराला पाठ आहे, कारण बँकेत त्याने कायदा विभागात काही वर्षं काढली. तो नेहमी पहिल्या घोटाला हा खटला काढतो. डोंबिवलीकराची पाळी त्यानंतर असते, आणि त्याचा हुकमी एक्का म्हणजे बा. वि. केसकर.

१९५२ मध्ये केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीत हे थिल्लर आहे आणि त्याने जनतेचे कान नासतात, असं त्यांचं पक्कं मत. आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी बघता बघता जवळजवळ नाहीशी झाली आणि त्या जागी शास्त्रीय संगीत आलं. म्हणजे मुंबई राज्यातल्या माणसाला त्या वर्षी संध्याकाळी घरी येऊन पेग भरता येत नव्हता, आणि पेग नाही तर नाही, निदान गाणं तरी लावू म्हटलं तर तेही नाही. "केसकर, म्हणजे तुमच्या पुण्याचेच असणार," डोंबिवलीकर म्हणाला. याला पुरावा काय, असं कोथरूडकराने विचारलं. "दुसरं कोण करणार असं?" हा पुरावा.

पण माणसं आडवाटेने जातातच. दारूसाठी वांद्र्याच्या, माझगावच्या, धोबी तलावाच्या गल्ल्यांत आंटीच्या घरी मागच्या दाराने जायचं. गाण्यांसाठी समुद्र ओलांडायचा. कोलंबोला दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेले दणदणीत ट्रान्समीटर होते, ते रेडिओ सिलोनच्या हाती आले. १९५२ च्या डिसेंबरात तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानी टूथपेस्टच्या खर्चाने गाणी ऐकवू लागले. भारत सरकारने लाटा अडवल्या नव्हत्या, अडवता येतही नव्हत्या. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीने विविध भारती काढली, तेव्हा लोकांना घरचीच गाणी घरी मिळू लागली. दारूचं गाडं साठच्या दशकात परवान्यांनी सैल झालं. ही दोन्ही खाती एकदम आवळणारी पिढी आणि ती दोन्ही चोरून चालवणारी पिढी एकच होती. या दोघांचे वडील तीच पिढी. दोघांच्याही वडिलांनी पोरांना दारूसाठी झोडपलं आणि गीतमालेसाठी शेजारच्या खोलीत जाऊ दिलं.

आणखी एक गंमत. दारूबंदीने हॉटेलांतल्या आणि क्लबांतल्या रात्री कोरड्या पडल्या. साहेब तर आधीच आगबोटीत बसून गेला होता. मग तिथे जॅझ वाजवणारी गोव्याची मंडळी पोटासाठी सिनेमाच्या स्टुडिओत आणखी मोठ्या संख्येने शिरली. नोटेशन लिहिता-वाचता येणारे हे वादक संगीतकारांना हवेच होते. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदाची रचना करत. अल्डोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच ट्रंपेटवाले चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांकडे होते आणि 'अलबेला' (१९५१) मध्ये आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) अमिताभच्या पात्राला गाण्यात गुरुजींचं नाव मिळालं. गावागावच्या गोवेकरांच्या 'कुडी', म्हणजे एकत्र राहायच्या सामायिक खोल्या, याच धोबी तलावाला, जेर महालात. वाद्यांचं फुर्तादोसही इथेच, दुकान १८६५ सालचं. म्हणजे ही दोघं ज्या चौकात बसून सिनेसंगीतावर तावातावाने बोलतात, त्या संगीतातली निम्मी व्हायोलिनं शेजारच्या जिन्यावरून खाली उतरत असत. मोरारजींनी गोवेकरांचा ग्लास काढून घेतला आणि नकळत शंकर-जयकिशनना व्हायोलिनं पुरवली, हा डोंबिवलीकराचा सिद्धांत. इतिहासकार इतकं सरळ सांगणार नाहीत. पण इतिहासकारांनी दुसरा नाइन्टी मागवलेला नसतो.

एवढं झाल्यावर मुख्य विषय आला: 'आराधना'.

ज्यांनी हा वाद घातलेला नाही त्यांच्यासाठी: १९६९ चा सिनेमा, श्रेयनामावलीत संगीतकार सचिनदेव बर्मन, सहायक म्हणून राहुलदेव. एका पक्षाचं म्हणणं, गाण्यांचा बाज बघा, हे पोराचं काम, बापाचं नुसतं नाव. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, बापाने 'प्यासा' केला आहे, 'गाइड' केला आहे, त्याला काय धाड भरली होती? हा वाद महाराष्ट्रातल्या अगणित परमिट रूममध्ये गेली पन्नास वर्षं चालू आहे आणि त्यातून शेट्टी लोकांच्या दोन पिढ्यांचं शिक्षण निघालं आहे. इथे डोंबिवलीकर पोराच्या बाजूने, कोथरूडकर बापाच्या. दोघांनी १९८३ मध्ये बाजू ठरवल्या तेव्हा त्यामागे अभ्यास नव्हता. एकाने एक घेतली म्हणून दुसऱ्याने दुसरी घेतली. नंतर दोघांनी आपापल्या बाजूसाठी इतकं वाचलं की आता दोघंही तज्ज्ञ आहेत.

"थांब, बघूच," असं म्हणून कोथरूडकराचा हात खिशात गेला. डोंबिवलीकराने तो मनगटाला धरून थांबवला. "फोन काढायचा नाही."

हा नियम फार महत्त्वाचा आहे आणि त्यामागे डोळ्यांची काळजी वगैरे काही नाही. फोन नव्हता तेव्हा 'महल'च्या (१९४९) तबकडीवर गायिकेचं नाव काय होतं, हा एक प्रश्न दोन पेग आणि एक भुर्जी सहज ओढत असे. एक म्हणे लता, दुसरा म्हणे कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. (कामिनी बरोबर.) बाजूच्या टेबलावरचा अनोळखी माणूस मध्ये पडे, त्याचा मित्र त्याला खोडून काढे, दोन टेबलं जोडली जात. ओ. पी. नय्यरनी लताबाईंकडून एकही गाणं का गाऊन घेतलं नाही, या प्रश्नावर तर अख्खी रात्र निघे, आणि शेवटची लोकल गेल्यावर फलाटावर पुढचा भाग होई. नय्यरसाहेब अखेरची वर्षं ठाण्यात एका कुटुंबाबरोबर राहत होते, २००७ मध्ये गेले. डोंबिवलीहून ठाणं ते किती! "जाऊन विचारलं का नाहीस?" कोथरूडकराने विचारलं. डोंबिवलीकर म्हणाला, "विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. मग?"

तर फोन आत राहिला. तेवढ्यात कोथरूडकराने दुसरी थर्टी मागवली, आणि या खेपेला वेटरने पेनही काढलं नाही.

आराधनावरून गाडी चाळीच्या गणपतीवर घसरली, ती घसरणारच होती. १९८४ चा गणेशोत्सव. पाचव्या दिवशी चाळीच्या पोरांचा गाण्यांचा कार्यक्रम. या दोघांचं द्वंद्वगीत. एकजण किशोर, दुसराही किशोर, कारण रफी व्हायला कुणी तयार नव्हता. दुसऱ्या अंतऱ्याला एकजण शब्द विसरला आणि दुसऱ्याने प्रसंगावधान राखून "ला ला ला" करत गाणं काठाला लावलं. एवढं दोघांना मान्य आहे. विसरला कोण, इथे मतभेद. डोंबिवलीकराला कोथरूडकराचा पांढराफटक चेहरा अजून दिसतो. कोथरूडकराला डोंबिवलीकराच्या कानामागून ओघळणारा घाम दिसतो. "तुझ्या आईनं डोक्याला हात लावला होता." "माझ्या आईनं? ती माझी आई नव्हतीच, तुझी आत्या होती." साक्षीदार म्हणावं तर पेटीवाले काका गेले, चाळीचे सेक्रेटरी गेले, आणि चाळीच्या जागी आता बावीस मजले आहेत.

आराधनाला निदान श्रेयनामावली आहे. याला तीही नाही.

आणि मग डोंबिवलीकराने शेंगदाणा तोंडात टाकता टाकता सांगितलं की, पुरावा आहे. माळ्यावर. मंडळाच्या टेपरेकॉर्डरवर तो कार्यक्रम टेप झाला होता, ती कॅसेट त्याच्याकडे आहे. सी-सिक्स्टी, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. पिवळं लेबल, त्यावर बॉलपेनने 'गणपती ८४, पुसू नये'.

कॅसेट म्हटल्यावर दोघंही जरा सैलावून बसले. त्या काळी गाणी विकत घ्यायची पद्धत अशी: वहीच्या कागदावर यादी करायची, कोरी कॅसेट घ्यायची, आणि दोन्ही रेकॉर्डिंगवाल्याच्या काउंटरवर ठेवायची. चार दिवसांनी भरून मिळे. कायद्यात हे कुठे बसतं, असं कुणी विचारत नसे. यादी संपून टेप उरली तर दुकानदार आपल्या पसंतीचं काहीतरी टाकून ती भरे. टेप संपून यादी उरली तर गाणं ऐन आलापात कापलं जाई. दोघांत मिळून घेतलेल्या अशा एका नाइन्टीच्या कॅसेटवर मदनमोहनच्या एका अत्यंत दुःखी गझलेनंतर दुकानदाराने 'शोले'तलं होळीचं गाणं टाकलं होतं. आज इतक्या वर्षांनी ती गझल कुठेही लागली, मयताच्या घरी लागली तरी, ती संपता संपता या दोघांच्या कानात ढोलकी सुरू होते. घरच्यांना ही अडचण समजावून सांगता येत नाही. जगात ही व्याधी असलेली माणसं दोनच, आणि दोघंही त्या टेबलावर होती. डोंबिवलीकराने नुसती ती गझल गुणगुणायला घेतली. शेवटच्या ओळीवर कोथरूडकराने टेबलावर ठेका धरला. शेंगदाण्यांची बशी हलली. कोर्टातला अशील वळून बघायला लागला.

"मग काढ ना ती गणपतीची कॅसेट," कोथरूडकर म्हणाला. म्हणाला खरा, पण आवाजात जोर नव्हता.

डोंबिवलीकराने अडचणी सांगितल्या. टेपरेकॉर्डर भंगारात गेला. माळ्यावर चढायचं तर गुडघा. डोंबिवलीच्या पावसात चाळीस वर्षं काढलेल्या टेपला बुरशी आली असणार, आणि बुरशी आलेली टेप चालवली तर यंत्राच्या डोक्याला राड लागून उरलंसुरलंही जातं. जुन्या कॅसेट साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून देणारे आता गल्लोगल्ली झालेत, हे त्याला माहीत आहे. कोथरूडकराच्या तर सोसायटीतच एकजण आहे. पण त्याने ते सांगितलं नाही. "राहू दे," तो म्हणाला, "उगाच खर्च." पुणेकराने खर्चाचं कारण पुढे केलं की त्यापलीकडे कुणी चौकशी करत नाही, फार सोयीचं कारण आहे ते.

मुलंबाळं, गुडघे, साखर, कुणाची मुलगी कॅनडाला आणि कुणाचा मुलगा अजून लग्नाला तयार नाही, हे सगळं मिळून बांगड्याच्या थाळीबरोबर दहा मिनिटांत उरकलं. साधारण तेवढ्याच वेळाचं ते असतं.

चारच्या सुमाराला बिल आलं. कोथरूडकराने चष्मा बदलला. परमिट रूममधल्या दारूवर २०२३ च्या नोव्हेंबरपासून व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला, हे त्याने वेटरला सांगितलं. वेटरला ते रोजच माहीत होत होतं. करांच्या विरोधात १४ जुलै २०२५ ला राज्यातल्या बारवाल्यांनी एक दिवस बार बंद ठेवले होते, तीही आठवण निघाली. सरकारने न सांगता पाळलेला ड्राय डे. बिल निम्मं निम्मं करायचं की ज्याने जेवढी प्यायली त्याप्रमाणे, यावर चर्चा झाली नाही. ती कोथरूडकराच्या मनात झाली आणि तिथेच तिचा निकाल लागला, कारण त्याने आपला वाटा रुपयात मोजून टेबलावर ठेवला.

पाटीवरचं 'परमिट' त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. त्याने वेटरला थांबवून विचारलं, परवाना मिळतो ना इथे? मिळतो, वेटर म्हणाला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच आला असावा. विदेशी दारूचा एका दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. झालं, पेन्सिल निघाली. पाचने भागलं तर वीस दिवस. म्हणजे वर्षातून वीसपेक्षा जास्त वेळा बसणार असलास तर वर्षाचा परवडतो. वर्षाचे शंभर धरले तर आजन्म परवाना वसूल व्हायला दहा वर्षं. "आपण एकसष्ट. म्हणजे एकाहत्तरपर्यंत प्यायलो तर फिटले, त्याच्या पुढचं सगळं फुकट."

"थर्टी-थर्टीने?" डोंबिवलीकर म्हणाला. "तुला शंभरी गाठावी लागेल."

"मात्रेचा संबंध नाही, दिवसांचा आहे." त्याने कागद फिरवून दाखवला. "तू वर्षाचा घे, मी आजन्म घेतो. दहा वर्षांनी बघू कोण शहाणा ते."

"आधी आराधनाचं बघ."

चार वीस झाले होते. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, आणि कोथरूडकराला साठ पूर्ण झाली त्यानंतर. साठ वर्षं ज्या एका गोष्टीची वाट बघितली ती तोंडाशी आल्यावर काढून घेतली, हे दुःख तो डेक्कन क्वीनच्या प्रत्येक तिकिटाबरोबर उगाळतो. कागदाची घडी खिशात घालून तो उठला, दोन पावलं गेला, आणि परत वळून अगदी गंभीरपणे गल्ल्यावरच्या अण्णांना म्हणाला, "तो हजारवाला परवाना. त्यात सीनियर सिटिझनना काही कन्सेशन?"

अण्णांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे बघितलं, मग डोंबिवलीकराकडे. "पुणे?" त्यांनी विचारलं.